पाणी कोण नेतंय

थोरलीला पहिली शंका आली ती सोमवारी दुपारी, भांडी घासायला बसली तेव्हा. सकाळी तिनं स्वतःच्या हातानं काठोकाठ भरलेला निळा ड्रम चांगला दोन विती खाली गेला होता. कुठं भेग पडलीय का म्हणून तिनं ड्रमभोवती उकिडवं बसून जमीन चाचपली. जमीन कोरडी ठणठणीत. पाणी गळालं नव्हतं, म्हणजे कुणीतरी नेलं होतं. पाण्याला स्वतःचे पाय नसतात.

त्या उन्हाळ्यात बोअर सकाळी जेमतेम तासभर चालायची आणि मग म्हाताऱ्यासारखी खोकून हवा सोडायची. त्या तासात आधी रोपांचा हौद भरायचा, कारण घर चालायचं ते रोपांवर. मग थोरलीचा एक ड्रम, तिच्या धाकट्या जावेचा एक ड्रम. संपलं. त्यात पिणं, रांधणं, धुणं, अंघोळी, सगळं.

रोपवाटिका दोघा भावांची होती. थोरला रोपं वाढवायचा. गावात त्याला सगळे रोपवालाच म्हणत. धाकटा टेम्पोतून ती गावोगाव पोचवायचा. एका अंगणात समोरासमोर दोन घरं. हिवाळ्यापर्यंत स्वयंपाक एकत्र होता. मग धाकटीला दिवस गेले, आणि तिसरा महिना संपायच्या आत पोट पडलं. आठ दिवस ती पडून होती. नवव्या दिवशी उठली, आपली चार भांडी आणि शेगडी उचलली आणि आपल्या घरात मांडली. भांडण नाही, तंटा नाही. थोरलीला हेच जास्त लागलं होतं. भांडून गेली असती तर निदान पोटातलं ओठावर आलं असतं. न बोलता जाणारा माणूस मनात काय घेऊन जातो ते कुणी सांगावं? त्या महिन्यात रोपांचे क्रेट टेम्पोत चढवायला धाकटीला आपण बोलावत होतो, हे थोरलीला आठवायचं. मग ते तिलाही आठवत असणार, असं वाटायचं.

म्हणून ड्रममधलं पाणी उतरलं तेव्हा थोरलीची नजर सरळ अंगणापलीकडच्या दारावर गेली.

दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा उतरलं. तिसऱ्या दिवशीही.

"अहो, पाणी चोरीला जातंय," तिनं नवऱ्याला सांगितलं. तो शेडनेटच्या हिरव्या सावलीत मिरचीच्या ट्रेंवर झारी फिरवत होता. प्रत्येक ट्रेवर मोजून एकच फेरी. रोपं माना टाकून बसली होती.

"उन्हानं आटत असेल."

"झाकणाखालचं आटतं होय?"

"मग तूच जास्त वापरत असशील," तो म्हणाला आणि पुढच्या ट्रेकडे सरकला. त्याचं डोकं आदल्या दिवशीच्या गिऱ्हाइकात अडकलं होतं. त्या माणसानं टोमॅटोचे चार क्रेट परत टेम्पोत चढवले होते आणि सगळ्यांदेखत म्हणाला होता, "ही रोपं लावायची का पुरायची?" रोपवाला त्यावर हसला होता. दुसरं काय करणार?

थोरली ट्रे भरायला बसली. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सालीचा भुसा. तो भिजवायचा, खाचांमध्ये दाबायचा, बोटानं खळगा करायचा आणि एकेक बी टाकायचं. शंभरावर खाचांचा एक ट्रे, असे दिवसाला साठ. भुसा नखांत जातो, चिरांत जातो, संध्याकाळी हात तपकिरी होतात. पूर्वी या कामाला तिची मुलगी बसायची. तेरा वर्षांची एकुलती एक पोर. लहानपणापासून सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे न्यायची, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुटून आली की दप्तर टाकून सरळ शेडमध्ये. बोटं अशी चालायची की मजूर बायका बघत राहायच्या.

यंदा मात्र मुंगी शेडच्या आत पाऊल टाकत नव्हती. कधी डोकं दुखतं, कधी अभ्यास आहे. जबरदस्तीनं बसवली तर दोन बोटांच्या चिमटीत भुसा धरायची, जणू विंचवाची नांगी. "मोठी झाली, आता माती नको वाटते," मजूर बायका हसून म्हणाल्या. थोरली हसली नाही. पोर न्हाणीत गेली की तासभर बाहेर येत नव्हती. साबणाची वडी आठवडाभर पुरायची ती तीन दिवसांत कागदासारखी पातळ व्हायची. तेरा वर्षांच्या पोरीला एवढं नटूनथटून स्वच्छ राहायचंय ते कुणासाठी? आईच्या मनात एकदा किडा शिरला की तो पान न् पान पोखरतो.

चौथ्या दिवशी वडी पुन्हा संपलेली दिसली, तेव्हा थोरलीनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "साबण खातेस का गं?"

मुंगीनं हात पाठीमागे लपवले. थोरलीनं ओढून पुढे घेतले. सांध्यांवर कातडी फाटली होती, बोटांच्या बेचक्यांत लाल चिरा, मनगटापर्यंत पांढुरके पापुद्रे.

"हे कशानं?"

"भुशानं होतंय."

"भुशाला तर तू शिवत नाहीस."

हात सुटल्यावर ते अंगापासून लांब धरून, कशाला लागू न देता, मुंगी आत निघून गेली. थोरलीच्या लक्षात आलं, दार तिनं कोपरानं लोटलं.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी शाळेतल्या बाई घरी आल्या. चपला न काढता उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, पाणी नको म्हणाल्या. त्यांचे डोळे शेडकडे, औषधांच्या डब्यांकडे, कोपऱ्यातल्या फवारणीच्या पंपाकडे फिरत होते.

"मुलीच्या हातांना काय झालंय?"

"बघतोय आम्ही. मलम लावतोय."

"वर्गात ती पेन धरत नाही. बाकाला हात लावत नाही. डबा उघडत नाही, तसाच परत आणते. एका तासाला पाचदा बाहेर जायचं म्हणते." बाईंनी पुन्हा पंपाकडे पाहिलं. "तुम्ही तिला कामाला किती वेळ लावता? त्या औषधांत उघड्या हातांनी?"

थोरलीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "आमची पोर आहे ती, बाई. मजूर नाही."

"मी तसं म्हटलं नाही," बाई म्हणाल्या. पण तसंच म्हटलं होतं. जाताना त्या पलीकडच्या दाराशी थांबल्या आणि धाकटीशी दोन मिनिटं हळू आवाजात बोलल्या. थोरलीनं खिडकीच्या गजातून पाहिलं. धाकटी मान हलवत होती. काय सांगत असेल? आमच्या घरातलं उणंदुणंच ना?

बाई गेल्यावर तिनं मुंगीचं दप्तर उपसलं. चिठ्ठी सापडेल, कुणाचं नाव सापडेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत साबणाचे सात तुकडे होते, आणि गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर उभ्या रेघा. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी. पानांमागून पानं. काही ठिकाणी रागानं खोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलेल्या. खाली एकही शब्द नाही.

ही कसली खूण? कुणाला भेटल्याची? थोरलीनं वही होती तशी ठेवली आणि कुणाला काही सांगितलं नाही. आता तिच्याकडे दोन चोर झाले होते, एक पाण्याचा आणि एक घरातला. दोघांचा काही संबंध असेल, असं तिच्या डोक्यातही आलं नाही.

सोमवारी सकाळी ड्रम भरल्यावर तिनं आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीवर खडूनं रेघ ओढली. शेडमध्ये जाताना रेघ पाहिली, तासाभरानं येऊन पाहिली. अकरा वाजेपर्यंत पाणी रेघेखाली बोटभर. जेवणाच्या सुट्टीत वीतभर. आणि गंमत अशी, की चार वाजता पाहिलं तर पाणी पुन्हा वर आलेलं, जेमतेम चार बोटं कमी. तिनं डोळे चोळले. चोर नेलेलं परत आणून ओततो, हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. मग तिला वाटलं, आपणच दुपारची खूण चुकून बघितली असेल. माणसानं एकदा ठरवलं, की डोळ्यांना दिसलेलंही तो पटवून घेत नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रे भरताना ती बोलून गेली. पाच मजूर बायका रांगेत बसल्या होत्या, धाकटी टोकाला रोपं मोजून क्रेटमध्ये लावत होती.

"काय दिवस आलेत," थोरली भुशाकडे बघत म्हणाली. "सोनं उघड्यावर राहील, पण पाण्याच्या ड्रमाला कुलूप घालायची पाळी. आणि चोर लांबून येत नाही बरं का. अंगण ओलांडलं की झालं."

बायकांचे हात थांबले. एकीनं खोकल्यासारखं केलं. धाकटीनं क्रेटमधलं रोप नीट उभं केलं, त्याच्या मुळाशी भुसा दाबला.

"माझ्याबद्दल बोलताय का, ताई?"

"मी नाव घेतलंय का कुणाचं? ज्याला लागायचं त्याला लागेल."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. ओरडली असती, रडली असती, तर थोरलीला पुढचं बोलता आलं असतं. ती नुसती म्हणाली, "बरं." आणि मोजणी जिथं राहिली होती तिथून पुढे सुरू केली. "बेचाळीस, त्रेचाळीस..."

त्या "बरं"नं थोरलीला दिवसभर जेवण गेलं नाही. साव असती तर भडकली नसती का? म्हणजे चोरच. का चोर असती तर भडकली असती? डोकं भणभणून गेलं.

बुधवारी शाळेला सुट्टी होती. दुपारी मजूर बायका झाडाखाली आडव्या झाल्या, भाऊ दोघं टेम्पोचं चाक बदलायला रस्त्यापर्यंत गेले. थोरलीनं निजल्याचं सोंग केलं आणि मग मागच्या दारानं शेडमध्ये शिरली. शेडनेटला कोपऱ्यात फाटलेलं होतं, तिथून ड्रम समोर दिसत होता. ती पालथ्या क्रेटवर बसली. घाम मानेवरून कमरेपर्यंत गेला. माशा ओठांवर बसत होत्या, तिनं हात हलवला नाही.

पलीकडचं दार वाजलं. धाकटी बाहेर आली. हातात पितळी कळशी. तिनं इकडं तिकडं पाहिलं, पाय न वाजवता अंगण ओलांडलं, ड्रमचं झाकण उचललं. आता बुडवेल, थोरलीनं श्वास धरला. धाकटीनं कळशी बुडवली नाही. तिनं ती तिरकी केली आणि ड्रममध्ये ओतली.

थोरली फाटक्या जाळीतूनच बाहेर आली. तिनं धाकटीचं मनगट धरलं.

"काय ओतलंस?"

धाकटी दचकली, कळशी ड्रमच्या काठावर आपटली.

"काय ओतलंस म्हणते मी. काय घातलंयस आमच्या पाण्यात?"

धाकटीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला, की थोरलीला आपली पकड ढिली झालेली जाणवली. कळशीच्या तळाशी थोडं उरलं होतं. धाकटीनं ते तोंडाला लावलं, घटाघट प्यायली, पदरानं तोंड पुसलं.

"पाणी आहे, ताई. माझ्या ड्रममधलं. चार दिवस झाले रोज तीन कळशा घालते."

"का?"

"कमी दिसलं की तुम्ही तिला माराल म्हणून."

"कुणाला?"

धाकटीनं ओठांवर बोट ठेवलं आणि तिचा हात धरून तिला घराच्या मागच्या बाजूला नेलं.

न्हाणीचं मागचं दार अर्धवट उघडं होतं. मुंगी दगडावर उकिडवी बसली होती, पुढ्यात बादली. तिनं तांब्या गुडघ्यांमध्ये पकडून, तिरका करून हातांवर पाणी घेतलं. साबण लावला. डावा तळवा, उजवा तळवा, एकेक बोट, एकेक नख. ओठ हलत होते. "एकवीस. बावीस." पाण्याला गुलाबी झाक येत होती. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मुंगी थांबली, डोळे गच्च मिटले, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो थकलेल्या जनावराचा होता. मग तिनं हात पुन्हा ओले केले. "एक," ती म्हणाली. "दोन."

थोरली पुढं झेपावली. धाकटीनं तिला दंडाला धरून थांबवलं. "मध्ये बोललं की पुन्हा पहिल्यापासून करते. चाळीस व्हावे लागतात."

"तुला कधीपासून माहीत?"

"पंधरवडा झाला. बाईंनाही मीच सांगितलं."

"मला का नाही सांगितलंस?"

धाकटीनं नुसतं तिच्याकडे पाहिलं. आणि थोरलीला ते उत्तर पुरलं.

संध्याकाळी रोपवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कामचुकारपणा आहे. चार दिवस शेडमध्ये कोंडा, सरळ होईल." मग मुंगीचे हात कंदिलाशी धरलेल्या कागदासारखे उलटसुलट करून पाहिले आणि त्याचा आवाज उतरला. बाईंनी धाकटीला सांगितलं होतं, की मोठ्या गावच्या सरकारी दवाखान्यात दर शुक्रवारी मुलांच्या मनाची डॉक्टरीण येते.

"वेड्यांची डॉक्टर," रोपवाला म्हणाला. "एकदा त्या दाराशी दिसली की जन्माचा शिक्का. गावाला तोंड कसं दाखवायचं?"

"रोपांवर करपा आला की तुम्ही काय करता?" थोरली म्हणाली. "गाव काय म्हणेल ते बघता, का पान तोडून माणसाला दाखवायला नेता?"

"रोप वेगळं, पोर वेगळं."

"तेच म्हणते मी."

धाकटा दाराला टेकून उभा होता. तो म्हणाला, "दादा, शुक्रवारी टेम्पो रिकामाच आहे. वांग्याची रोपं शनिवारी जायचीत." एवढंच. रोपवाला उठून शेडकडे गेला. नाही म्हणाला नाही, तेच हो समजायचं.

दवाखान्यात थोरली आणि धाकटी बाकावर बसल्या, मुंगी टेकली नाही. तीन तास उभी होती, हात पोटापासून लांब. डॉक्टरीण बाई वयानं लहान, आवाज बसका. थोरली तिच्याकडे संशयानं बघत होती. ना नाडी बघितली, ना जीभ. नुसते प्रश्न. असले प्रश्न तर शेजारीणही विचारते. पण शेजारणीसारखं तिनं तोंडावर हात नेला नाही, चुकचुकली नाही.

"हात धुतले नाहीत तर काय होईल असं वाटतं?" तिनं मुंगीला विचारलं.

मुंगी पंख्याकडे बघू लागली.

"कुणाला काही होईल?"

मुंगीनं मान डोलावली. पंखा करकरत होता.

"आई बाहेर थांबू दे का?"

"आई इथं असू दे," मुंगी म्हणाली. "काकू नको."

धाकटी उठली. तिचा चेहरा पडला. एवढं करून हे. ती दारापर्यंत गेली आणि मागून मुंगीचा आवाज आला, वहीतलं वाचून दाखवावं तसा, चढउतार नसलेला.

"काकूचं बाळ मी मारलं."

धाकटीचा हात कडीवर तसाच राहिला.

मग ते सगळं बाहेर आलं. हिवाळ्यात बियाण्याला कीड लागू नये म्हणून औषधाची गुलाबी भुकटी चोळायची होती. आईनं सांगितलं, मुंगे, तेवढं चोळून टाक. तिनं उघड्या हातानं चोळलं. मग आईनं आतून हाक मारली, पीठ मळ. तिनं मळलं. त्या रात्री जेवताना तिला आठवेना, मध्ये हात धुतले होते का. काकू दोन घास जास्त जेवली होती. नऊ दिवसांनी काकूला दवाखान्यात नेलं.

"मला आठवत नाही," मुंगी म्हणाली. "मी खूप आठवलं. धुतले असतील. पण दिसत नाही. म्हणून आता धुताना मोजते. मोजलं की नंतर दिसतं."

थोरलीनं जमिनीकडे पाहिलं. भुकटी चोळ, ती म्हणाली होती. पीठ मळ, तीच म्हणाली होती. हातमोजे कपाटात होते, पाकीट फोडलेलं नव्हतं.

डॉक्टरीण सावकाश बोलली. दिवस गेलेल्या कितीतरी बायकांचं पहिल्या महिन्यांत असं होतं, बहुतेक वेळा कुणाच्या हातून काही चुकलेलं नसतं. काकूचं तुझ्यामुळे झालं असं मानायला मला काही कारण दिसत नाही. मात्र भुकटीला उघड्या हातानं कुणीच शिवायचं नाही, हे वेगळं. मग तिनं थोरलीला आणि धाकटीला समोर बसवलं. हा आजार आहे, म्हणाली. मनाला शंका येते, ती तर सगळ्यांनाच येते. हिची शंका जात नाही. धुतलं की घटकाभर जाते आणि दुप्पट होऊन येते. धुणं हे त्या शंकेचं खाद्य आहे.

"गोळ्यांनी बरं होईल?" थोरलीनं विचारलं.

"आधी गोळ्यांशिवाय बघू. पण तुम्हाला काम आहे. हात खराब करायचे, आणि लगेच धुवायचे नाहीत. आज दोन मिनिटं, मग चार. ती रडेल. दर शुक्रवारी मला सांगायला यायचं. आणि ती विचारत राहील, काकूला माझ्यामुळे झालं नाही ना? एकदा सांगा. शंभरदा सांगू नका."

"नाही म्हणायला काय जातं?" धाकटी म्हणाली.

"तेही धुण्यासारखंच. आणि गुपचूप पाणी भरणंही बंद."

धाकटीनं मान खाली घातली. आपलं चांगुलपणही औषधाच्या उलटं पडलं, हे गिळायला तिला वेळ लागला. येताना टेम्पोच्या मागच्या हौद्यात तिघी बसल्या. मुंगीनं विचारलं, "काकू, माझ्यामुळे नाही ना?" धाकटी म्हणाली, "नाही." पाच मैलांत मुंगीनं सतरा वेळा विचारलं. पुढचं उत्तर द्यायला धाकटीनं तोंड उघडलं की थोरली तिच्या गुडघ्यावर हात ठेवायची. पोर हुंदके देत होती आणि दोघी बाया ओठ दाबून रस्त्याकडे बघत होत्या. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला वाटलं असेल, काय निर्दय बायका आहेत.

पहिले आठ दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. मुंगी ताटल्या आपटायची, दार लावून घ्यायची, आईला म्हणायची, तुला मी मेलेली हवी आहे. थोरलीचा जुना स्वभाव कुठं जातो? न्हाणीत पाणी वाजलं की ती कान द्यायची, दाराच्या फटीत डोळा लावायची, साबणाची वडी हातात घेऊन तोलायची. एक दिवस मुंगीनं आतून म्हटलं, "आई, सावली दिसतेय तुझी." थोरली ओशाळून बाजूला झाली. तिसऱ्या शुक्रवारी डॉक्टरीण बाईंनी गोळीही सुरू केली. रोपवाला एकदाही दवाखान्यात आला नाही. मात्र त्यानं कुणाला न सांगता औषधांचे सगळे डबे शेडबाहेरच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं, आणि मजूर बायकांना हातमोजे घातल्याशिवाय भुकटीला हात लावू देईना.

थोरलीनं बायकांसमोर बोललेलं बायकांसमोरच परत घेतलं. ट्रे भरता भरता म्हणाली, "पाणी हिनं नेलं नव्हतं. हिनं घातलं होतं. मी वाटेल ते बोलले." बायकांचे हात पुन्हा थांबले. धाकटी म्हणाली, "बरं." पण हे "बरं" वेगळं होतं.

दीड महिना गेला. मुंगीचे दिवस सारखे नव्हते. एखाद्या दिवशी तीनदा हात धुऊन भागायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चाळीस. त्या दुपारी तिला हात न धुता वीस मिनिटं काढायची होती. ती शेडमध्ये भिजवलेल्या भुशात हात मनगटापर्यंत घालून ट्रे भरत होती, घड्याळ आईकडे. मध्ये मध्ये ती आईकडे बघत होती. थोडं अलीकडे, ऐकू जाणार नाही एवढ्या अंतरावर, दोघी जावा क्रेट धुवत बसल्या होत्या.

"ताई," धाकटी म्हणाली, "एक सांगू? त्या दिवशी कडीवर हात होता ना माझा. तेव्हा एक क्षण मला वाटलं, खरंच असेल. हिच्यामुळेच असेल."

थोरली घासत राहिली. मग म्हणाली, "मला तर वाटतं क्रेटमुळे. मी तुला क्रेट उचलायला लावत होते. रोज वाटतं. तू वेगळी निघालीस ती त्याच रागानं, असं धरून बसले होते मी."

"राग नव्हता. तुमच्या घरात पोर हिंडताना बघवत नव्हतं मला." धाकटीनं क्रेट उपडा केला. "क्रेटनं झालं का भुकटीनं, का कशानंच नाही, कुणास ठाऊक."

थोरलीच्या तोंडावर प्रश्न आला होता. क्रेटमुळे नाही ना, एकदा सांग. धाकटी नाही म्हणाली असती, ती तशीच होती. थोरलीनं प्रश्न गिळला. तो घशातून खाली उतरेना, पण तिनं तो वर येऊ दिला नाही. आणि पोर दिवसातून किती वेळा हे करते, ते तिला पहिल्यांदा अंगानं कळलं.

तिनं घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं होऊन वर एक गेलं होतं.

"मुंगे, झालं. जा, धू."

मुंगीनं हात भुशातून वर काढले. तपकिरी, ओले, नखांत भरलेले. तिनं न्हाणीकडे पाहिलं, मग समोरच्या ट्रेकडे. त्यात दोन ओळी राहिल्या होत्या.

"एवढा भरून जाते," ती म्हणाली.